जुन्या मेलमधल्या 'बिगिन 644' आणि बेस64 फाइली: कोणती लायब्ररी, कशी वापरायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. फैजपूरकडच्या एका विद्यार्थ्याच्या काकांचा केळीचा व्यापार होता. 2000 सालच्या आगेमागे दिल्लीचे आडते, सावदा स्टेशनावर वॅगन भरणारे आणि गावोगावचे बागायतदार यांच्याशी त्यांचं बरंच बोलणं ईमेलवर व्हायचं. त्या मेल आता सीडीवर आहेत. काही नेटस्केपच्या मेलबॉक्स फाइलींत, काही आउटलुक एक्स्प्रेसच्या डीबीएक्स फाइलींत. भावपत्रकं, बागांचे फोटो, वर्डमधली पत्रं असं सगळं आत आहे, पण दिसते ती अक्षरांची गिचमीड. ही गिचमीड म्हणजे बेस64 किंवा यूयूएन्कोड: फाइल छापता येणाऱ्या अक्षरांत लिहून मेलमधून पाठवायच्या दोन पद्धती. 'बिगिन 644' ही दुसरीची सुरुवातीची ओळ. या विद्यार्थ्याने नोटपॅडमधून ती गिचमीड कॉपी करून एका वेबसाइटवर चिकटवली. काही फाइली उघडल्या. डीबीएक्समधले काही फोटो वर अर्धे नीट आणि खाली करडे आले. काहींना 'इनकरेक्ट पॅडिंग' असा एरर आला. एक झिप फाइल पाच मेलमध्ये तुकडे करून आली होती, त्यातली तिसरी मेल सापडत नाही. वर्डच्या फाइली उघडतात, पण त्यातलं मराठी वाचता येत नाही. पायथन येतं, तर कोणती लायब्ररी वापरू, असं त्याने विचारलं आहे.

लायब्ररीचं नाव आधी सांगून टाकतो. पायथनसोबत मिळणारं 'ईमेल' पॅकेज मुख्य कामाला, आणि तुकड्यांत आलेल्या फाइलींसाठी 'यूयूडीव्ह्यू'. 'बेस64' मॉड्यूल थेट हातात घ्यायची गरज तुम्हाला फार थोड्या ठिकाणी पडेल. बहुतेक जण नेमकं उलट करतात: गिचमीड दिसली की थेट बेस64चं फंक्शन लावतात आणि मग एररशी झुंजत बसतात. यातलं डीकोडिंग, म्हणजे अक्षरांतून मूळ फाइल परत उलगडणं, हे शाळकरी गणित आहे. फाइल नेमकी कुठून सुरू होते, कुठे संपते, मधे परकं काय घुसलंय आणि कोणता तुकडा कोणाच्या मागे लावायचा, हे ठरवणं हेच खरं काम. लायब्ररी निवडायची ती या कामासाठी.

तरी ते गणित एकदा डोळ्यांखालून घाला. ते समजलं की पुढचे सगळे एरर आपोआप समजतील. समजा, पूर्वी जामनेरहून पीजे या छोट्या रेल्वेने आलेले 24 प्रवासी पाचोऱ्याला उतरले. आधी ते आठ-आठ जण करून तीन डब्यांत बसले होते, आता मोठ्या गाडीत सहा-सहा करून चार डब्यांत बसतात. माणसं तीच, क्रम तोच, फक्त डबे बदलले. तीन बाइट म्हणजे 24 बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट करायचे. प्रत्येक गट 0 ते 63 मधला एक आकडा होतो आणि प्रत्येक आकड्याला छापता येणारं एक अक्षर ठरवून दिलेलं असतं. बस, एवढंच.

आपल्या 'क' वर करून बघू. युनिकोड अक्षरं बाइटांत साठवायच्या यूटीएफ-8 या पद्धतीत 'क'चे तीन बाइट होतात, हेक्समध्ये (16 अंकांच्या पद्धतीत) ई0, ए4, 95. त्यांचे सहा-सहा बिटांचे गट पाडले की 56, 10, 18, 21 हे चार आकडे येतात. बेस64च्या तक्त्यात 0 ते 25 मोठी अक्षरं, 26 ते 51 छोटी, 52 ते 61 अंक आणि शेवटी अधिक चिन्ह व स्लॅश. म्हणून 56 म्हणजे '4', मग 'के', 'एस', 'व्ही', सगळी मोठी अक्षरं. यूयूएन्कोडचा तक्ता आणखी सोपा: आकड्यात 32 मिळवा आणि त्या क्रमांकाचं आस्की (इंग्रजी अक्षरं-चिन्हांना क्रमांक देणारा जुना तक्ता) अक्षर घ्या. तेच चार आकडे तिथे मोठा 'एक्स', ताऱ्याचं चिन्ह, '2', '5' असे दिसतात. आकडे तेच, फक्त तक्ता वेगळा. 'केळी' हा शब्द बेस64मध्ये लिहिला तर बरोबर 16 अक्षरं होतात, कारण चार चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, आणि तीन बाइटांना चार अक्षरं.

यातून मराठीवाल्यांना एक फार उपयोगी खूण मिळते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8मध्ये ई0 ए4 किंवा ई0 ए5 ने सुरू होतं. म्हणून गट बरोबर जुळलेले असले की बेस64मध्ये दर चार अक्षरांच्या सुरुवातीला '4केएस' किंवा '4केडब्ल्यू' दिसत राहतं. गिचमिडीत हे वारंवार दिसलं तर डोळे झाकून समजा की आत युनिकोड मराठी मजकूर आहे. मधे एखादी मोकळी जागा आली की ती एकाच बाइटची असल्यामुळे गट सरकतात आणि खूण तेवढ्यापुरती बदलते, पण सवय झाली की तीही ओळखू येते.

आता तुमच्या सीड्यांमध्ये दोन प्रकार का सापडतात ते पाहा. 1982 साली मेल पाठवायचा जो नियम ठरला, त्यात फक्त सात बिटांची आस्की अक्षरं चालत आणि एक ओळ 1000 अक्षरांपेक्षा लांब चालत नसे. फोटो किंवा वर्ड फाइल तशीच पाठवली तर वाटेतला एखादा सर्व्हर तिची मोडतोड करी. त्याच्याही आधी, 1980 साली, बर्कलीत मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी यूयूएन्कोड लिहिलं होतं. पुढे 1992 साली माइम, म्हणजे मेलला जोडपत्रं जोडायचा नियम, आलं आणि त्याच्याबरोबर बेस64 मेलमध्ये रुळलं. पण आउटलुक एक्स्प्रेसच्या सेटिंगमध्ये साध्या मजकुराच्या मेलसाठी माइम किंवा यूयूएन्कोड यातलं एक निवडायची सोय होती. ज्यांच्या कॉम्प्युटरवर दुसरं निवडलेलं होतं त्यांच्या मेलमध्ये 'बिगिन 644' दिसतं. पाठवणारा बदलला की प्रकार बदलला, इतकंच.

कामाला लागण्याआधी सीडीची पूर्ण कॉपी हार्डडिस्कवर घ्या, तिला फक्त वाचण्याची परवानगी ठेवा आणि प्रत्येक फाइलचा एसएचए-256 हॅश (फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा) एका यादीत लिहून ठेवा. पुढचं सगळं या कॉपीच्या कॉपीवर करा. वेबसाइटवर चिकटवणं आजपासून बंद. व्यापाराच्या मेल आहेत, त्यात बँक खात्यांचे नंबर, सह्या, लोकांचे पत्ते असणार. ते अनोळखी सर्व्हरवर पाठवायचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय नोटपॅड मोठ्या फाइलीत ओळींच्या शेवटांशी आणि न दिसणाऱ्या बाइटांशी काय करील याचा भरवसा नसतो.

नेटस्केपच्या फाइली सोप्या आहेत. त्या एमबॉक्स पद्धतीच्या असतात, म्हणजे मेलमागे मेल एकाच फाइलीत लिहिलेल्या. पायथनचं 'मेलबॉक्स' मॉड्यूल त्या सुट्या करून देतं. फाइल उघडताना नेहमी बायनरी मोडमध्ये उघडा आणि बायनरीतच लिहा. विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये लिहिलं तर प्रत्येक 0ए बाइटच्या आधी एक 0डी घुसतो आणि फोटोची माती होते. पीएनजी फाइलच्या सुरुवातीची आठ बाइटांची खूण मुद्दाम अशी बनवलेली आहे की असा बदल झाला तर ती खूणच मोडावी.

प्रत्येक मेल मिळाली की 'वॉक' फंक्शनने तिचे सगळे भाग फिरून बघा. मेलच्या आत मेल, तिच्या आत जोडपत्र, अशी उतरंड असते आणि ती उतरंड हाताने उकलायला जाऊ नका. प्रत्येक भागावर 'गेट पेलोड' हे फंक्शन 'डीकोड' खरं ठेवून बोलवा. बेस64 असो, कोटेड-प्रिंटेबल (मजकुरासाठीची तशीच आणखी एक पद्धत) असो किंवा हेडरमध्ये यूयूएन्कोड असं स्पष्ट लिहिलेलं असो, ते त्या त्या पद्धतीने उलगडून तुमच्या हातात बाइट देतं.

पण इथे थांबून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण ती बहुतेक जणांना माहीत नसते. हे पॅकेज बिघाड दिसला तरी ओरडत नाही. बिघाडाची नोंद ते त्या भागाच्या 'डिफेक्ट्स' या यादीत करतं आणि पुढे जातं. पॅडिंग चुकलं, परकी अक्षरं सापडली, लांबी अशक्य आली, या तिन्हींच्या वेगवेगळ्या नोंदी असतात. लांबी अशक्य असेल तर ते तुम्हाला उलगडलेली फाइल न देता मूळ गिचमीड तशीच परत देतं. तुमचा प्रोग्राम ती गिचमीड 'फोटो.जेपीजी' नावाने खुशाल साठवून ठेवील आणि महिन्याभराने कोणी तरी म्हणेल की फोटो खराब होता. म्हणून प्रत्येक भाग उलगडल्यावर ती यादी वाचा आणि ती रिकामी नसेल तर फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये टाका.

आता 'इनकरेक्ट पॅडिंग'. चार-चार अक्षरांचे गट, म्हणून बेस64ची लांबी, ओळींचे शेवट वगळून, चारने भागली गेली पाहिजे. फाइलचे बाइट तीनच्या पटीत नसतील तर शेवटी एक किंवा दोन बरोबरीची चिन्हं जोडून ती पूर्ण करतात. इंटरनेटवर सगळीकडे एकच इलाज सांगितला जातो: शेवटी हवी तेवढी बरोबरीची चिन्हं चिकटवा. असं आंधळेपणाने करू नका. बरोबरीची चिन्हं सोडून उरलेली अक्षरं मोजा आणि चारने भागा. बाकी दोन आली तर दोन चिन्हं हवीत, तीन आली तर एक. पण बाकी एक आली तर कोणतंही चिन्ह चिकटवून उपयोग नाही. एकाच अक्षरात सहा बिट असतात आणि सहा बिटांत एक बाइटसुद्धा मावत नाही. अशी बाकी निरोगी फाइलमध्ये येऊच शकत नाही. म्हणजे कुठे तरी अक्षर गळलंय किंवा जास्तीचं घुसलंय आणि ते शोधायला हवं. शोधायची युक्ती सोपी आहे. मेलमधल्या बेस64च्या ओळी जास्तीत जास्त 76 अक्षरांच्या असतात आणि शेवटची सोडून सगळ्या सारख्या. प्रत्येक ओळीची लांबी छापा. जी ओळ 75 किंवा 77 दाखवेल तिथे तुमचा चोर आहे.

तुमचे अर्धे करडे फोटो याच घराण्यातले. बेस64मधून एक अक्षर गळालं की तिथून पुढचे सगळे गट सहा बिटांनी सरकतात, त्यामुळे त्या जागेआधीचा फोटो शाबूत आणि नंतरचा सगळा कचरा. अख्खी ओळ गळाली तर गट सरकत नाहीत, फक्त 57 बाइट जातात, पण जेपीईजीची रचना अशी आहे की तेवढ्यानेही पुढचं चित्र बिघडू शकतं. तुमच्या बाबतीत हे फोटो डीबीएक्स फाइलींतून आलेत, असं प्रश्नावरून दिसतं, आणि कारण तिथेच आहे. डीबीएक्समध्ये मेल सलग लिहिलेली नसते. तिचे ठराविक मापाचे तुकडे करून ते फाइलभर पसरलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर आउटलुक एक्स्प्रेसची स्वतःची हिशोबाची नोंद असते. नोटपॅडमध्ये उघडून कॉपी केलं की त्या नोंदी गिचमिडीत मिसळतात, शिवाय दुसऱ्याच मेलचा तुकडा मधे येऊ शकतो. अशा फाइलवर कुठलीही डीकोडिंग लायब्ररी थेट लावू नका. 'अनडीबीएक्स' नावाचं मोफत साधन आहे, ते आधी चालवा. ते तुकडे जुळवून प्रत्येक मेलची वेगळी ईएमएल फाइल करून देतं, पुसलेल्या मेलही शोधायचा प्रयत्न करतं. त्या ईएमएल फाइली मग ईमेल पॅकेजला द्या. माझा अंदाज आहे की तुमचे निम्म्याहून जास्त करडे फोटो एवढ्यानेच पूर्ण दिसतील.

'बेस64' मॉड्यूल थेट वापरायची वेळ आली तर एक सापळा सांभाळा. 'बी64डीकोड' हे फंक्शन नुसतं वापरलं तर तक्त्यात नसलेली अक्षरं ते गुपचूप गाळतं. ओळींचे शेवट गाळले जातात हे चांगलंच, पण खरी बिघडलेली अक्षरंही त्याच वाटेने जातात आणि तुम्हाला कळत नाही. 'व्हॅलिडेट' हा पर्याय खरा ठेवा, ओळींचे शेवट आधी स्वतः काढा, म्हणजे परकं अक्षर आलं की तिथेच एरर येईल. हा सापळा आजच्या कामातही लोकांना पकडतो. जळगावच्या एमआयडीसीतल्या दालमिलवाल्यांची, पाइपवाल्यांची जीएसटीची ई-इन्व्हॉइस घ्या. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ती बंधनकारक आहे. पोर्टलकडून सही होऊन येणारं इन्व्हॉइस आणि क्यूआरमधला मजकूर बेस64च्याच एका भावकीतल्या तक्त्यात असतो, ज्यात अधिक चिन्हाऐवजी आडवी रेघ आणि स्लॅशऐवजी अंडरस्कोअर असतो, आणि शेवटची बरोबरीची चिन्हं काढून टाकलेली असतात. साधं फंक्शन लावलं तर रेघ आणि अंडरस्कोअर गुपचूप गळतात, गट सरकतात आणि बिलाचा मजकूर मधूनच बिघडतो. तिथे 'यूआरएलसेफ' प्रकारचं फंक्शन घ्यायचं आणि पॅडिंग वरच्या हिशोबाने आपण भरायचं. ठिपक्यांनी वेगळे केलेले तीन भाग असतात, तेही आधी सुटे करायचे.

यूयूएन्कोडवर थोडा जास्त वेळ देतो, कारण इथे तुम्हाला स्वतः थोडं लिहावं लागेल. साध्या मेलच्या मजकुरात मधेच 'बिगिन 644' आणि फाइलचं नाव येतं. हेडरमध्ये त्याचा उल्लेखच नसतो, म्हणून ईमेल पॅकेज त्याला साधा मजकूर समजतं. इंटरनेटवरची जुनी उत्तरं 'यूयू' मॉड्यूल आणायला सांगतात. ते मॉड्यूल पायथन 3.11मध्ये कालबाह्य ठरवलं आणि ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या 3.13मधून काढूनच टाकलं, त्यामुळे नव्या कॉम्प्युटरवर पहिल्याच ओळीला एरर येईल. घाबरू नका. 'बायनआस्की' मॉड्यूलमधलं 'ए2बी यूयू' हे एक ओळ उलगडणारं फंक्शन अजून शाबूत आहे आणि तेवढंच आपल्याला लागतं.

मजकूर ओळीओळीने वाचा. 'बिगिन', मोकळी जागा, तीन किंवा चार अंक, मोकळी जागा, नाव, अशी ओळ शोधा. 644 हे युनिक्समधल्या परवानग्यांचे आकडे आहेत, विंडोजवर त्यांना काही अर्थ नाही. पण नुसत्या या ओळीवर विसंबू नका, इंग्रजी पत्रात एखादं वाक्यही 'बिगिन'ने सुरू होऊ शकतं. पुढची ओळ पाहा. यूयूएन्कोडच्या प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर त्या ओळीतले बाइट किती ते सांगतं: पूर्ण ओळीत 45 बाइट, 45 अधिक 32 म्हणजे 77, आणि 77 म्हणजे मोठा 'एम'. म्हणून फाइल भरली असेल तर 'एम'ने सुरू होणाऱ्या, 61 अक्षरांच्या ओळींची रांग लागते. फाइल अगदीच छोटी असेल तर पहिलीच ओळ आखूड असेल, तेव्हा पहिल्या अक्षरावरून लांबीचा हिशोब लावून बघा. शेवटी शून्य लांबीची एक ओळ, मग 'एंड'.

जुन्या मेलमध्ये इथे एक नेहमीचं दुखणं असतं. मूळ तक्त्यात शून्यासाठी मोकळी जागा आहे. वाटेतल्या कितीतरी सर्व्हरांनी ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा कापून टाकल्या आणि ओळी आखूड झाल्या. म्हणूनच पुढे शून्यासाठी मोकळ्या जागेऐवजी उलटं अवतरणचिन्ह (बॅकटिक) वापरू लागले. 'ए2बी यूयू' या कापलेल्या जागा शून्य समजून भरून घेतं, त्यामुळे तुम्ही ओळींना स्वतः 'स्ट्रिप' करत बसू नका, विशेषतः डाव्या बाजूने तर नाहीच. उलट प्रकारही असतो. काही जुनी साधनं ओळीच्या शेवटी एखादं जास्तीचं अक्षर लिहीत आणि मग फंक्शन 'ट्रेलिंग गार्बेज' म्हणून अडतं. तेव्हा पहिल्या अक्षरावरून लागणारी लांबी काढा, ओळ तेवढीच कापा आणि पुन्हा द्या. मेल कोणी फॉरवर्ड किंवा रिप्लाय केली असेल तर प्रत्येक ओळीपुढे 'मोठा आहे' हे चिन्ह आणि एक मोकळी जागा असते. हे चिन्ह यूयूएन्कोडच्या तक्त्यातही आहे. म्हणून 'बिगिन'च्या ओळीपुढे ते असेल तरच बाकीच्या ओळींपुढून काढा.

यूझनेट या जुन्या चर्चागटांवर चालणारं वायएन्क, ही तिसरी पद्धत, तुम्हाला या मेलमध्ये भेटणार नाही, ते 2001 साली आलं आणि मेलमध्ये कधी रुळलंच नाही, म्हणून सोडून देतो. 'विनमेल.डॅट' नावाच्या फाइली मात्र भेटतील. त्या बेस64मधून नीट उलगडलेल्या असतात, पण आउटलुकने सगळी जोडपत्रं आपल्या खास टीएनईएफ पद्धतीच्या पुडक्यात बांधलेली असतात. त्यांना वेगळं 'टीएनईएफ' साधन लावायचं.

आता पाच तुकड्यांची झिप. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये ठराविक किलोबाइटांपेक्षा मोठी मेल तोडून पाठवायची सोय होती, डायल-अपच्या दिवसांत लोक ती वापरत. अशा मेलच्या हेडरमध्ये 'मेसेज/पार्शल' असं लिहिलेलं असतं, सोबत सगळ्या तुकड्यांना एकच आयडी, तुकड्याचा क्रमांक आणि एकूण संख्या. पायथन हे आपणहून जोडत नाही. इथे फ्रँक पिल्होफर यांचं यूयूडीव्ह्यू कामाला येतं. मूळ लायब्ररी सी भाषेत आहे आणि पर्लमधून 'कन्व्हर्ट::यूयूलिब' या मॉड्यूलने वापरता येते. यूयूएन्कोड, एक्सएक्सएन्कोड, बेस64, बिनहेक्स, वायएन्क या सगळ्या पद्धती ती स्वतः ओळखते. तिची रीत अशी: आधी सगळ्या मेल फाइली तिला नुसत्या वाचायला द्यायच्या. ती हेडर आणि विषयातले 'दोन भागिले पाच' असे आकडे पाहून तुकडे जुळवते आणि सापडलेल्या फाइलींची यादी करते. यादीतल्या प्रत्येक फाइलवर शेरा असतो: पूर्ण आहे, मधला भाग नाही, सुरुवात नाही, शेवट नाही, डेटाच नाही. आधी यादी बघायची, मग काय उलगडायचं ते ठरवायचं. मला ही लायब्ररी इतक्या वर्षांनंतरही आवडते ती या यादीमुळे. ती तुम्हाला सांगते की तिला काय माहीत आहे आणि काय नाही.

अपुऱ्या फाइलसाठी तिच्यात 'डेस्परेट' नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की असतील तेवढे तुकडे जोडून ती फाइल लिहिते. तो सरसकट चालू ठेवू नका, नाहीतर पूर्ण आणि अपुऱ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये मिसळतील. तुमच्या झिपसाठी तर मी तो वापरणारच नाही. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते आणि प्रत्येक आतली फाइल सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे हे तिच्यात लिहिलेलं असतं. तिसरा तुकडा गाळून चौथा दुसऱ्याला चिकटवला की चौथ्या-पाचव्यातल्या सगळ्या जागा चुकतात. त्याऐवजी तिसऱ्या तुकड्याच्या जागी तेवढ्याच लांबीचे शून्य बाइट भरा. शेवटचा सोडून तुकडे बहुधा सारख्या मापाचे असतात, तेव्हा दुसरा आणि चौथा मोजून सारखे आले तर तेच माप तिसऱ्यालाही धरा. अनुक्रमणिका जिथे बोट दाखवते तिथेच फाइली सापडतील आणि जी तिसऱ्या तुकड्यात पडली नव्हती ती प्रत्येक फाइल शाबूत निघेल. झिपमध्ये प्रत्येक फाइलची सीआरसी बेरीज (तपासणीचा आकडा) असते, त्यामुळे कोणती खरी शाबूत आणि कोणती नाही हे तीच सांगेल. शून्य भरलेल्या प्रतीच्या नावातच 'अपूर्ण' असं लिहून ठेवा.

उलगडलेली फाइल साठवताना मेलमधलं नाव जसंच्या तसं वापरू नका. नावात दोन टिंब आणि स्लॅश घालून दुसऱ्याच फोल्डरमध्ये लिहायला लावता येतं. आपला क्रमांक नाव म्हणून द्या आणि मूळ नाव यादीत लिहा. यूयूडीव्ह्यूच्या लायब्ररीत नाव गाळणारं आपलं फंक्शन द्यायची सोय आहे, ती वापरा. आणि हा काळ 'आयलव्हयू' व्हायरसचा आहे, मे 2000 मधला. 'टीएक्सटी' नंतर 'व्हीबीएस' अशी दुहेरी शेपटी असलेल्या फाइली त्या सीड्यांत असू शकतात आणि तुमचा प्रोग्राम त्याही इमानाने जिवंत करील. अख्खं फोल्डर अँटिव्हायरसने तपासल्याशिवाय कशावरही डबल-क्लिक नको.

फाइल खरी कोणती हे शेपटीवरून न ठरवता पहिल्या बाइटांवरून ठरवा. जुन्या वर्ड-एक्सेल फाइली डी0 सीएफ 11 ई0 ने सुरू होतात, जेपीईजी एफएफ डी8 एफएफ ने, झिप 'पीके' या अक्षरांनी. उलगडण्याआधीच ओळखायचं असेल तर बेस64मध्ये जेपीईजीची सुरुवात 'स्लॅश, 9, छोटा जे, स्लॅश' अशी दिसते, जुन्या वर्डची '0, एम, 8, आर' अशी. काही दिवसांत हे तोंडपाठ होतं.

वर्डमधलं न वाचता येणारं मराठी हे यापेक्षा पूर्ण वेगळं प्रकरण आहे आणि तिथे तुमच्या डीकोडिंगचा काही दोष नाही. फाइल डी0 सीएफ 11 ई0 ने सुरू होते, वर्ड तिला तक्रार न करता उघडतं, म्हणजे बाइट बरोबर आले. त्या काळी आपल्याकडे मराठी टायपिंग श्रीलिपी, आयएसएम अशा पॅकेजांच्या फाँटमध्ये व्हायचं. फाइलमध्ये साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची ओळ, आणि फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. फाँट नसेल तर 'कांदेबाग' आणि 'मृगबाग' ही केळीच्या हंगामांची नावंसुद्धा सारखीच अगम्य दिसणार. अशा मजकुरावर पुन्हा बेस64 किंवा यूटीएफ-8 लावून बघण्यात वेळ घालवू नका. मजकुरावर कर्सर ठेवून वर्डच्या फाँटच्या चौकटीतलं नाव वाचा, तो फाँट मिळवून आधी मूळ रूप बघा, मग त्याच फाँटसाठीच्या रूपांतर-साधनाने युनिकोड करा. जोडाक्षरं आणि रफार दर वेळी डोळ्यांनी तपासा, भावपत्रकातले आकडे तर नक्कीच, कारण काही फाँटमध्ये अंकांच्या जागाही वेगळ्या असतात. मूळ डॉक फाइल ठेवून द्या, युनिकोड प्रत वेगळी.

राहिली ती हरवलेली तिसरी मेल. ती काकांच्या सीडीत नसली तरी जगातून गेली असं समजू नका. भावपत्रकं, हंगामाच्या याद्या एकाच वेळी पाच-दहा जणांना जायच्या. पहिल्या तुकड्याच्या हेडरमध्ये 'टू' आणि 'सीसी' मध्ये कोण कोण आहे ते पाहा. सगळ्या तुकड्यांचा आयडी एकच असतो आणि तो प्रत्येक घेणाऱ्याकडे सारखाच गेलेला असतो. रावेर, सावदा, फैजपूर इथल्या त्या जुन्या मंडळींपैकी कोणाच्या कपाटात एखादी सीडी किंवा बंद पडलेला कॉम्प्युटर असेल तर त्याची हार्डडिस्क मागून घ्या, त्यात तो आयडी शोधा आणि तुकडा क्रमांक 3 मिळाला की शून्यांच्या जागी तो बसवा.